माझी लेन्स पोचते

माझा कॅमेरा गेली नऊ वर्षं मला सांगतो आहे की त्याला लेन्स लावलेलीच नाही. चालू केला की पडद्यावर जिथे लेन्सचे आकडे यायला हवेत तिथे एक शून्य येतं आणि शेजारी दुसरं शून्य. स्टुडिओत आलेल्या नव्या गिऱ्हाइकांना मी हे मुद्दाम दाखवत असे. "बघा, याच्या मते समोर काही नाहीच," असं म्हणायचं आणि त्याच कॅमेऱ्यानं त्यांचा चेहरा टिपून त्यांच्यासमोर धरायचा. लोक हसायचे. मलाही तो खेळ आवडायचा. आता मी तो करत नाही. का, ते सांगण्यासाठीच हे लिहितो आहे.

ज्यांचा या धंद्याशी संबंध नाही त्यांच्यासाठी थोडी माहिती द्यावी लागेल. जुन्या कॅमेऱ्यात लेन्सच्या मागे एक आरसा असे. नव्या मिररलेस कॅमेऱ्यातून तो आरसा गेला, त्यामुळे कॅमेरा पातळ झाला. जी जागा वाचली तिथे धातूचं एक जाड कडं बसवता येतं. त्याला अडॅप्टर म्हणतात. ते बसवलं की भलत्याच कंपनीची चाळीस वर्षांपूर्वीची लेन्ससुद्धा नव्या कॅमेऱ्यावर चढते. मात्र दोघांचं एकमेकांशी बोलणं नसतं. कॅमेरा आपण होऊन फोकस करत नाही, लेन्सवरची रिंग आपल्याला हातानं फिरवावी लागते. कोणती लेन्स होती, तिचं तोंड किती उघडं होतं, यातलं काही फोटोच्या नोंदीत उतरत नाही. मेनूत जाऊन 'लेन्स नसतानाही फोटो काढू दे' अशी परवानगी द्यावी लागते, तेव्हा कुठे बटण दाबलं जातं.

एवढा खटाटोप करून जुन्या लेन्स का वापरायच्या? पहिलं कारण सरळ आहे, नव्या लेन्स मला परवडत नव्हत्या. दुसरं कारण अब्बासचाचा.

माझे वडील मिठागरात कामाला होते. सही म्हणून अंगठा उठवायचे, आणि त्या अंगठ्याची कातडी मिठानं इतकी झिजली होती की ठसासुद्धा धड उठत नसे. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला पहिला माणूस मी. सकाळी कॉलेज आणि दुपारनंतर पनवेलच्या बाजारपेठेतल्या अब्बासचाचांच्या स्टुडिओत काम, अशी माझी तीन वर्षं गेली. परीक्षेच्या दिवसांत चाचा मला डार्करूममध्ये बसवायचे आणि बाहेर गिऱ्हाइकांना सांगायचे, "आत काम चालू आहे." आत लाल दिव्याखाली माझा अभ्यास चालू असायचा. बी.कॉम.चा निकाल लागला तेव्हा पेढे त्यांनीच वाटले. स्टुडिओ बंद करताना त्यांनी चार लेन्स माझ्या हातात दिल्या. सगळ्या धातूच्या, वजनदार, रिंग फिरवली की लोण्यातून फिरल्यासारखी. म्हणाले, "बेटा, ह्या विकू नकोस. वापर."

मी वापरल्या. लोकांचे टोमणे खाऊन वापरल्या. पनवेलजवळच्या कोन गावी एका हळदीत डीजेच्या दणदणाटात मी नवरीच्या आजीचा फोटो घ्यायचा प्रयत्न करत होतो. आजी नाचत होती, मी रिंग मागे-पुढे करत होतो. नवरीचा मामा गर्दीतून ओरडला, "आरं, त्या फोटोवाल्याच्या बरनीचं झाकान नाय निंगत! जा रं कोनीतरी मदतीला!" अख्खा मांडव हसला. पुढे दोन माणसं खरंच आली आणि "द्या हिकडं, आमी काढतो," म्हणून हात पुढे करून उभी राहिली. पण त्या हळदीतला आजीचा एक फोटो नीट आला होता. हळदीनं माखलेलं कपाळ, मिटलेले डोळे, आणि मागचे सगळे दिवे विरघळल्यासारखे झालेले. मामानं तो मोठा करून घेतला. आजी गेल्यावर त्यालाच हार घातला. मला बोलावून म्हणाला, "तुमच्या बरनीत काय तरी हाय, सर."

हे सांगतो आहे कारण माझा अभिमान कशातून वाढत गेला ते कळावं. पुढचं सगळं त्या अभिमानानंच झालं.

चाचांनी मला फोकसचा एक नियम शिकवला होता. जवळचं असेल तर डोळ्यावर भरवसा ठेवायचा, लांबचं असेल तर हातावर. म्हणजे माणूस दहा फुटांवर असेल तर बघून, बारीक फिरवून फोकस करायचा. डोंगर, देऊळ, पलीकडचा काठ असं काही असेल तर विचारच करायचा नाही. रिंग शेवटपर्यंत फिरवायची. तिथे आडव्या इंग्रजी आठाची, म्हणजे अनंताची, खूण असते, रिंग तिथे अडते, आणि अडली की लांबचं सगळं स्वच्छ. तीस वर्षं माझा हात हेच करत आला होता. आपण चप्पल काढतो तेव्हा पायाकडे बघत नाही, तसं.

एका वर्षी मला फोटोंचं एक मोठं काम मिळालं. कोनच्या पुढे डोंगराच्या कडेला टेपाची वाडी नावाची वस्ती होती. सगळी कातकरी माणसं, काही वीटभट्टीवर जाणारी, काही बांधकामावर. एकाच्याही नावावर जमीन नव्हती. भरावाच्या मातीसाठी तो डोंगर कापायचा ठरला होता आणि वाडीला दुसरीकडे घरं मिळणार होती. पण घर होतं हे दाखवायला यांच्याकडे कागद नव्हता. म्हणून सर्वेक्षण करणाऱ्या एका खासगी संस्थेनं प्रत्येक घराचा फोटो घ्यायचं ठरवलं. दारात घरमालक उभा, छातीशी पाटी, पाटीवर खडूनं घराचा क्रमांक आणि नाव. फोटोत घर, माणूस आणि पाटी तिन्ही स्पष्ट दिसली पाहिजेत. तो फोटो हाच पुरावा.

मला त्या कामाचा आनंद झाला होता. माझ्या बापाचा ठसा उठत नव्हता आणि मी इथे एकतीस घरांचा पुरावा तयार करणार होतो, असं काहीतरी मनात होतं. संस्थेचे पर्यवेक्षक शिंदे यांना मी तसं बोलूनही दाखवलं. ते म्हणाले, "छान. पण दुपारपर्यंत उरका."

तीस घरं ओढ्याच्या अलीकडे होती. ती मी एकेक करून नीट घेतली. पाटीवरची अक्षरं पडद्यावर मोठी करून पाहिली, रिंग केसभर मागे-पुढे केली, तेव्हाच बटण दाबलं. एकतिसावं घर ओढ्याच्या पलीकडे होतं. चांगुणाबाईचं. नवरा वारलेला, मुलगी लग्न होऊन गेलेली, एकटी राहायची. ती सकाळी अलीकडे येऊन पाटी घेऊन गेली होती. ओढ्यावरची पायवाट आठवड्यापूर्वीच मशीननं खणून टाकली होती. तिकडे जायचं तर खाली उतरून वळसा घालून अर्धा तास लागला असता. उन्हानं डोकं तापलं होतं. शिंदे घड्याळ बघत होते.

ती दारात उभी राहून हात करत होती.

"ओ दादा! हिकडं या! च्या ठेवलाय!"

मी ओरडून म्हणालो, "नको मावशी! तुम्ही तिथंच थांबा! पाटी छातीशी धरा! माझी लेन्स पोचते!"

ती पाटी खाली घेऊन कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "तुजी लेन पोचते, आनि तुजे पाय नाय पोचत काय रं?"

अलीकडची सगळी वाडी हसली. तिचा दीर काळू माझ्या शेजारी उभा होता, तो तर गुडघ्यावर हात मारून हसला. मीही हसलो. मग बॅगेतून चाचांची लांब पल्ल्याची लेन्स काढली, चढवली, आणि रिंग शेवटपर्यंत फिरवली.

या कॅमेऱ्यात एक सोय असते. जे फोकसमध्ये आहे त्याच्या कडांवर लाल रेघ दिसते. झोपडीवरच्या निळ्या ताडपत्रीच्या कडेवर लाल रेघ होती. पाटीच्या चौकटीवरही होती. ही सोय फार उदार असते, ठळक कड दिसली की थोड्या धूसर गोष्टीलाही पास करते, हे मी स्वतः हाताखालच्या पोरांना शिकवत आलो आहे. मोठं करून बघायला हवं होतं. उन्हात पडद्यावर काही दिसत नव्हतं. पण खरं कारण ते नव्हतं. रिंग अडली होती, आणि रिंग अडली की माझा हात निश्चिंत व्हायचा.

चांगुणाबाईनं पाटी दोन्ही हातांनी धरली होती. त्या दिवसासाठी धुतलेलं लुगडं नेसली होती. ती हलली नाही, अजिबात हलली नाही. मी दोन फोटो घेतले आणि अंगठा वर करून दाखवला. तिनंही पलीकडून अंगठा वर केला.

दीड महिन्यानं यादी लागली. तीस नावं मंजूर. एकतिसाव्यापुढे लिहिलं होतं, 'छायाचित्र अस्पष्ट, ओळख पटत नाही.'

ती काळूला घेऊन माझ्या स्टुडिओत आली. मी कॉम्प्युटरवर फोटो उघडला आणि मोठा करत गेलो. झोपडी होती. दारात एक लुगडं होतं. लुगड्यावर चेहऱ्याच्या जागी एक तपकिरी डाग आणि छातीशी एक काळा चौकोन, त्यात पांढरा धूर. अक्षर एकही नाही.

"ही मी हाय?" तिनं विचारलं.

"हो मावशी."

"मला वळखू येत नाय."

काळू म्हणाला, "वैनी, हलली असशील तू."

"नाय हालली," ती म्हणाली. माझ्याकडे बघून परत म्हणाली, "नाय हालली मी."

ती हलली नव्हती. हललेला फोटो वेगळा दिसतो, कडा एका बाजूला ओढल्या जातात. इथे सगळंच चारी बाजूंनी सारखं विरघळलं होतं. ते गेल्यावर मी कॅमेरा घेऊन गच्चीवर गेलो. आमच्या गच्चीवरून कर्नाळ्याचा सुळका दिसतो. लेन्स त्याच्यावर रोखली, रिंग शेवटपर्यंत फिरवली आणि पडद्यावर मोठं करून पाहिलं. सुळका धुरकट. रिंग केसभर मागे घेतली. सुळका लख्ख, त्याच्यावरची झुडपंसुद्धा मोजता येतील असा.

अडॅप्टर हवा त्यापेक्षा पातळ होता. किती? कागदाच्या दोन घड्यांइतका फरक असेल. मी तो ऑनलाइन मागवला होता, नीट बसला म्हणून खूश झालो होतो. तेवढ्यानं लेन्स आपल्या जागेपेक्षा आत सरकली होती आणि रिंग जिथे अडायची ती जागा खोटी ठरली होती. लग्नाच्या हॉलमध्ये हे कधी उघडकीला येणार? तिथे सगळे दहा-वीस फुटांवर, आणि मी डोळ्यानं बघून फोकस करणारा. हातावर भरवसा ठेवून त्या दिवशी टिपलेलं घर तेवढं एकच होतं.

दुसऱ्याच दिवशी टेपाच्या वाडीवर गेलो. या वेळी वळसा घालून, पलीकडच्या काठावर. झोपडीच्या जागी लाल मातीचा उतार होता. मंजूर घरांना पंधरा दिवसांची मुदत मिळाली होती. हे घर मंजूर नव्हतं, म्हणून काम तिथून सुरू झालं होतं. ताडपत्रीचा एक तुकडा मातीतून वर आला होता. मी त्याचाही फोटो काढला. तो कशाला काढला ते मला आजही सांगता येत नाही.

घरी येऊन मी पत्र लिहिलं. चांगल्या अक्षरात, मुद्देसूद. चूक छायाचित्रकाराची आहे, अडॅप्टर सदोष होता, घर आणि व्यक्ती मी स्वतः पाहिली आहे, माझ्या चुकीची शिक्षा त्यांना होऊ नये. ते घेऊन शिंद्यांकडे गेलो; ते भेटेपर्यंत तीन आठवडे गेले. त्यांनी शांतपणे वाचलं आणि लॅपटॉपवर माझ्या फोटोची नोंद उघडली.

"हे बघा सर. लेन्सचं नाव रिकामं. शून्य. इथे पण शून्य. तुमचा कॅमेराच म्हणतोय की लेन्स नव्हती."

मी त्यांना अडॅप्टर म्हणजे काय ते समजावून सांगितलं. गिऱ्हाइकांना सांगायचो तसंच.

"मला पटतंय," ते म्हणाले. "वरच्यांना पटेल का? तुम्ही लेखी देताय की साहित्य सदोष होतं. मग बाकीच्या तीस फोटोंचं काय? तेही याच साहित्यावर काढलेत, नोंदीत तिथेही शून्यच आहे. हे पत्र मी घेतलं तर एकतीसच्या एकतीस फेरतपासणीला जातील. आणि तपासायला आता घरं कुठायत? निम्मी पाडलीत." त्यांनी पत्र माझ्याकडे सरकवलं. "मी नाही म्हणत नाही. तुम्ही ठरवा."

त्या माणसाला दोष देणं मला कधी जमलं नाही. तो खोटं बोलत नव्हता.

मी वाडीवाल्यांकडे गेलो. ते तोवर रस्त्याकडेच्या पत्र्याच्या शेडमध्ये राहायला आले होते. चांगुणाबाई काळूच्या कुटुंबाबरोबर होती. मी सगळं खरं सांगितलं. लेन्स, अडॅप्टर, रिंग, पत्र, शिंदे काय म्हणाले ते. काळूचं घर चार नंबरचं, मंजूर यादीतलं.

"सर, तुमी शिकलेलं हाव," तो म्हणाला. "कागद वर गेला का तो कुटं फिरतो ते तुमाला आमच्यापेक्षा म्हाईत. तीस घरां हायत. लहान पोरां हायत. नका दिव कागद."

दोघं-तिघं आणखी बोलले. सगळ्यांचं म्हणणं तेच होतं. वैनीला आमी संभाळू, असंही काळू म्हणाला. ती भिंतीला टेकून बसली होती. कुणीच तिला विचारलं नाही, मीसुद्धा नाही. शेवटी तिनंच मला विचारलं.

"आनि तू काय करतोस?"

मी म्हणालो, "मावशी, वाडी म्हणेल तसं."

"वाडी म्हंजे कोन?" ती म्हणाली. "मी नाय वाडीत?"

कॉलेजात शिकलेलं, पुस्तकात वाचलेलं काही त्या वेळी उपयोगी पडलं नाही. पत्र मी कॅमेऱ्याच्या बॅगेत ठेवलं आणि ते दिलं नाही. नंतर अडॅप्टरचा उल्लेख टाळून, शेजाऱ्यांचे जबाब जोडून तिच्यासाठी दुसरा अर्ज करून पाहिला. अर्ज मिळाल्याची पोच आली. त्यानंतर काही आलं नाही. तीस कुटुंबांना घरं मिळाली, ती आजही त्यात राहतात, हेही खरं आहे. मी पत्र दिलं असतं तर काय झालं असतं हे मला कळायचा मार्ग नाही. एवढं मात्र कळतं की पत्र न देणं माझ्याही सोयीचं होतं. दिलं असतं तर पनवेलभर माझं नाव झालं असतं, सदोष साहित्यवाला म्हणून. त्या दिवशी मी तीस घरांचा विचार करत होतो की माझ्या नावाचा, हे मी स्वतःला इतक्या वेळा विचारलंय की आता दोन्ही उत्तरं सारखीच खरी वाटतात.

अब्बासचाचा तेव्हा हयात होते, अंथरुणाला खिळलेले. मी त्यांच्या उशाशी बसून सगळं सांगितलं. मला वाटलं होतं ते धीर देतील. ते छताकडे बघत म्हणाले, "बेटा, ती लेन्स तिच्या कॅमेऱ्यावर खरं बोलायची. तू तिला परक्या घरी नेलीस. तिथे ती कशी राहते, एकदा तरी विचारायचं होतंस." मग डोळे मिटून घेतले. माझ्यावर रागावलेले चाचा मी पहिल्यांदा पाहिले, आणि तेच शेवटचे.

अडॅप्टर मी दुरुस्त केला. स्क्रू काढून आत पातळ पत्र्याच्या पट्ट्या कापून घातल्या, एकेक वाढवत, दर वेळी गच्चीवर जाऊन सुळका बघत. तीन रविवार गेले. आता रिंग अडते तिथे कर्नाळा लख्ख दिसतो. कोनच्या पुढचा तो डोंगर मात्र आता कुठल्याच लेन्समधून दिसत नाही.

गेल्या वर्षी चांगुणाबाई स्टुडिओत आली. एकटीच. कसल्याशा पेन्शनच्या अर्जाला फोटो हवा होता. काळूकडे आता राहत नाही, उलव्याला मुलीजवळ असते, बांधकामावर पाणी मारायला जाते. पनवेलमध्ये फोटोची शंभर दुकानं आहेत. माझ्याकडेच का आली, ते मी विचारलं नाही.

मी तिला स्टुलावर बसवलं. तिच्यात आणि माझ्यात पाच फूट अंतर. मी पडद्यावर तिचा डोळा मोठा करून पाहिला, पापण्यांचे केस वेगळे दिसेपर्यंत रिंग फिरवत राहिलो. वेळ लागत होता.

"दिसते ना?" ती म्हणाली. "का जाऊ वढ्यापल्याड?"

"दिसताय, मावशी," मी म्हणालो. "हलू नका."

"मी कदी हालली?"

फोटो घेतला. कागद छापून तिच्या हातात दिला. पासपोर्ट फोटोचा कागद असतो तसा, एकावर आठ. तिनं तो उजेडात धरला, जवळ नेला, बोट फिरवत एकेक चेहरा बघितला, शेवटपर्यंत.

"आठ येळा हाय मी हितं," ती म्हणाली, आणि कागदाची नीट घडी घातली. "तवा येकदा पुरली असती."